बाहेरून आलेल्यांमुळे वस्ती बिघडते का?

परदेशातून लोक येऊन राहिले की आधीच खंगलेली शहरी वस्ती सुधारते की आणखी बिघडते, असे आपण विचारले आहे. अमेरिकेत न्यूयॉर्कशेजारच्या जर्सी सिटीतला न्यूअर्क अव्हेन्यूचा रस्ता आम्ही भारतीयांनी बिघडवला नाही, तो आमच्यामुळे तगला, एवढे मी ठामपणे सांगू शकते.

रेल्वे आणि कारखान्यांची कामे गेल्यामुळे १९३० मध्ये तीन लाखांवर असलेली त्या शहराची लोकसंख्या १९८० पर्यंत सव्वादोन लाखांच्याही खाली आली होती. आम्ही तिथल्या जर्नल स्क्वेअर या चौकाजवळ राहायला गेलो, तेव्हा माझ्या यजमानांनी एका गुजराती मित्राबरोबर न्यूअर्क अव्हेन्यूवरचे बंद पडलेले दुकान भाड्याने घेतले. शटर गंजून इतके घट्ट बसले होते की ते पहारीने उचकटावे लागले, आणि आतल्या ओल आलेल्या भिंती आम्ही बायकांनी खरवडून रंगवल्या. न्यूयॉर्कच्या मॅनहॅटन भागातून ‘पाथ’ या लोकल गाडीने परतणारे लोक तूरडाळ, हिंग, कढीपत्ता घ्यायला थांबत, त्यामुळे रात्री उशिरापर्यंत दिवे चालू राहत, आणि अंधारानंतर घराबाहेर न पडणारी शेजारची पोलिश आजी त्याच उजेडात दुधाला येऊ लागली.

तरीही १९८७ मध्ये ‘डॉटबस्टर्स’ (‘डॉट’ म्हणजे भारतीय बायकांच्या कपाळावरचे कुंकू) म्हणवणाऱ्या टोळीचे, भारतीयांना शहरातून हुसकावून लावण्याची धमकी देणारे पत्र स्थानिक वर्तमानपत्रात छापून आले. त्याच वर्षी शेजारच्या होबोकेनमध्ये नवरोज मोदी या भारतीय तरुणाला जमावाने इतके मारले की त्यातच त्याचा मृत्यू झाला. त्या दिवसांत मी कुंकू न लावता कामावर जात असे, याचा राग अजून माझ्या मनातून गेलेला नाही.

भाडी चढली आणि निवृत्तिवेतनावर जगणाऱ्या काही जुन्या भाडेकरूंना त्याची झळ बसली, हेही खरे आहे. परंतु एकेका खोलीत चार-चार नवख्यांना कोंबून पैसा करणारे घरमालकच होते.

पुण्यातले माझे चुलत दीर आमचे कौतुक करतात आणि त्याच दमात बिहार-उत्तर प्रदेशच्या मजुरांनी शहराची वाट लावली असे म्हणतात. आपणही मत बनवण्यापूर्वी वस्तीतला रोजगार कधी गेला आणि माणसे कधी आली, ही दोन साले शेजारी-शेजारी मांडून पाहा. भाऊजींना मी हे कित्येक वर्षे सांगत आले आहे, पण त्यांच्याच इमारतीच्या बांधकामावर राबलेल्या मजुरांना पत्र्याच्या खोलीचे भाडे किती पडत होते, हे त्यांनी आजवर एकदाही विचारलेले नाही.