तपासणीत न सापडलेलं प्रकरण

प्रश्न : मी समाजशास्त्रात एम.ए. करते. माझा लघुप्रबंध मराठीत आहे. जमा करण्याआधी ग्रंथालयात वाङ्मयचौर्य शोधणाऱ्या सॉफ्टवेअरवर तपासून घेतला, तर इतरांच्या लेखनाशी 18 टक्के साम्य आलं. दुसरं प्रकरण दोन इंग्रजी लेखांवरून मराठीत उतरवलंय, त्यात मात्र काहीच सापडलं नाही. मैत्रीण म्हणते, एका ॲपमधून शब्द बदलून घे, आकडा 10च्या खाली येईल. मला पुढे पीएच.डी. करायची आहे. काय करू?

उत्तर : तू 18 टक्क्यांना घाबरली आहेस. मला काळजी वाटते ती त्या दुसऱ्या प्रकरणाची.

आकड्याचं आधी सांगते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018च्या नियमांनुसार 10 टक्क्यांपर्यंत साम्याला शिक्षा नाही. 10 ते 40 टक्के असेल तर ठरावीक मुदतीत, जास्तीत जास्त 6 महिन्यांत, सुधारून पुन्हा द्यावं लागतं. 40च्या वर गेलं तर वर्षभर सादर करता येत नाही आणि 60च्या वर नोंदणीच रद्द होते. तू अजून जमा केलेलं नाहीस, म्हणजे सुधारायला वाव आहे. शिवाय संदर्भसूची, ऋणनिर्देश, कायद्यांचा मजकूर आणि नीट श्रेय देऊन घेतलेली अवतरणं या मोजणीत धरायची नसतात. ती वगळली होती का, हे ग्रंथपालांना विचार. कदाचित तिथेच बराच आकडा उतरेल.

आता दुसरं प्रकरण. त्याच नियमांत वाङ्मयचौर्याची व्याख्या अशी आहे : दुसऱ्याचं काम किंवा कल्पना घेऊन ती स्वतःची म्हणून मांडणं. कल्पना हा शब्द नीट वाच. भाषा बदलली तरी युक्तिवाद त्या लेखकांचाच राहतो. सॉफ्टवेअरला मराठी वाक्यामागचं इंग्रजी वाक्य दिसलं नाही एवढंच. तो विषय कोळून प्यायलेल्या परीक्षकाला ते दिसेल. ॲपने शब्द बदलणंही याच जातीचं, आणि त्यात पारिभाषिक शब्दांची वाट लागते ती वेगळीच.

प्रबंधासोबत तू तो मूळचा तुझा असल्याचं लेखी देणार आहेस. पदवी मिळाल्यानंतर चौर्य सिद्ध झालं तर पदवीही काही काळ स्थगित ठेवता येते. पीएच.डी.च्या वाटेवर हे ओझं नको गं.

ते दोन्ही लेख वापर, पण उघडपणे. कोणाचं म्हणणं कुठे सुरू होतं, कुठे संपतं, ते वाक्यातच दिसू दे. जसंच्या तसं घेतलेलं अवतरणचिन्हांत टाक आणि तळटीपेत ‘अनुवाद माझा’ लिही. मग लेख मिटून ठेव आणि प्रबंधासाठी तू घेतलेल्या मुलाखतींतून जे हाती लागलं ते त्यांच्याशी कुठे जुळतं, कुठे जुळत नाही, ते स्वतःच्या शब्दांत मांड. याच आठवड्यात मार्गदर्शकांना भेटून हे सगळं सांग आणि वेळ कमी पडत असेल तर मुदतवाढीचं तेव्हाच विचार.