गोळी सुटल्यानंतरचा अर्धा तास

अनेक आशीर्वाद.

तू पेनसिल्व्हेनियात हरणाची शिकार शिकायची म्हणतोस आणि पहिला प्रश्न रायफलीचा विचारतोस. तो दोन ओळींत संपवू. .२४३ किंवा .३०८ विंचेस्टर या मापाच्या काडतुसाची, दर गोळीनंतर हाताने खटका ओढून पुढची भरायची अशी साधी बोल्ट अ‍ॅक्शन रायफल पुरते. पांढऱ्या शेपटीच्या हरणाला याहून जोरकस काही लागत नाही, आणि पुढची गोळी आपोआप भरणाऱ्या सेमी-ऑटोमॅटिक रायफलीला त्या राज्यात हरणासाठी परवानगीच नाही.

त्याआधी कागदपत्रं. एच-वनसारख्या तात्पुरत्या व्हिसावरच्या माणसाला अमेरिकी संघराज्याचा कायदा बंदूक आणि काडतूस जवळ बाळगू देत नाही. त्यातला एक अपवाद म्हणजे चालू असलेला शिकारीचा परवाना. म्हणून क्रम उलटा करू नकोस: आधी हंटर-ट्रॅपर एज्युकेशनचा, म्हणजे नव्या शिकाऱ्यांसाठीचा कोर्स, मग परवाना, मगच बंदुकीला हात. परवान्याचं वर्ष १ जुलै ते ३० जून असतं. मुदत संपली की तुझा अपवादही संपला, मग रायफल कपाटात पडून असली तरी तो गुन्हा. एकदा इमिग्रेशनच्या वकिलाला विचारून घे. ग्रीन कार्ड असेल तर ही अट नाही. आणि सुट्टीत महाराष्ट्रात आलास की हे सगळं डोक्यातून काढून टाक. इथे १९७२ च्या वन्यजीव कायद्याने चितळ, सांबर, काळवीट कशालाच हात लावता येत नाही, आणि ते योग्यच आहे.

रायफल ऑगस्टमध्ये रेंजवर ने. पहिल्या गोळ्या २५ यार्डांवरून झाड म्हणजे निदान कागदावर लागतील, मग १०० यार्डांवर जा. तीन गोळ्या झाडायच्या, त्यांचा मध्य बघायचा, मगच रायफलीवरच्या नेमाच्या दुर्बिणीला हात लावायचा. एका गोळीवर विसंबून स्क्रू फिरवत बसलास तर डबा संपेल पण नेम बसणार नाही. बहुतेक दुर्बिणींच्या स्क्रूची एक टिकटिक १०० यार्डांवर नेम पाव इंच सरकवते. गोळ्या दोन इंच खाली लागत असतील तर आठ टिकटिक वर. २५ यार्डांवर तेवढ्याच दोन इंचांना बत्तीस लागतील, आणि नवखे नेमके इथे गोंधळतात.

पण टेबलावर वाळूची पिशवी ठेवून नेम साधणं म्हणजे रायफलीची परीक्षा, तुझी नव्हे. जंगलात टेबल नसतं. आठ इंचांची कागदी ताटली लाव आणि जमिनीवर बसून, काठीचा आधार घेऊन झाड. पाचपैकी पाच गोळ्या ताटलीत बसतात तेवढंच अंतर तुझं. बहुधा ते ७० ते १०० यार्ड निघेल. मित्राला सांगून खऱ्या काडतुसांत एखादं दारू नसलेलं सरावाचं काडतूस तुझ्या नकळत भरून घे. चाप ओढल्यावर नुसताच ‘टक’ झाला आणि नळी खाली झुकली, तर तू धक्क्याला घाबरून आधीच अंग चोरतोस. ही सवय काढल्याशिवाय जंगलात जाऊ नकोस.

आता जागा. राज्याची गेम लँड्स, म्हणजे शिकारीला खुली सरकारी जंगलं, सुमारे १५ लाख एकर आहेत, तेव्हा खाजगी शेत नाही म्हणून अडायचं कारण नाही. ऑक्टोबरमध्ये दोन-तीन शनिवार नुसता फिरून ये. ओकची झाडं शोध. पांढऱ्या ओकची फळं लाल ओकच्या फळांपेक्षा कमी तुरट असतात, हरणं आधी तीच संपवतात. ओल्या मातीतले खूर, ताज्या काळ्या चकचकीत लेंड्या, नराने शिंगं घासून साल काढलेली बारीक झाडं आणि पायाने उकरलेली माती, हे सगळं नकाशावर टिपून ठेव. दोन टेकड्यांमधली खिंड किंवा दाट झाडीची अरुंद पट्टी दिसली की तिथून जाणारी वाट नीट बघ.

बसायची जागा मात्र वारा ठरवतो. हरणाच्या नाकापुढे तुझे महागडे कपडे व्यर्थ आहेत. वारा हरणाकडून तुझ्याकडे यायला हवा. डोंगरात आणखी एक गोष्ट लक्षात ठेव: ऊन चढलं की हवा उताराने वर सरकते, संध्याकाळी थंड होऊन खाली उतरते. सकाळची उत्तम जागा संध्याकाळी निकामी होते ती यामुळे. छोट्या बाटलीतून चिमूटभर टाल्कम पावडर उडवून दर अर्ध्या तासाने बघत जा. पहिल्या वर्षी झाडावरच्या मचाणावर चढू नकोस, खोडाला पाठ टेकून जमिनीवर बस. चढलासच तर अंगभर पट्टा हवा, तोही जमिनीवरूनच दोराला अडकवलेला, आणि रिकामी बंदूक वर बसल्यावर दोरीने ओढून घ्यायची.

अंगावर डोकं, छाती आणि पाठ मिळून २५० चौरस इंच भडक नारिंगी कापड, सगळीकडून दिसेल असं. राहत्या घरापासून १५० यार्डांच्या आत मालकाच्या परवानगीशिवाय झाडायचं नाही. टेकडीच्या माथ्यावर आकाशाला टेकून उभ्या असलेल्या हरणावरही नाही, कारण त्याच्या मागे काय आहे ते तुला दिसत नाही.

हरीण पूर्ण आडवं उभं असेल किंवा किंचित पाठमोरं असेल तेव्हाच चाप ओढ. आडवं असेल तर पुढच्या पायाच्या किंचित मागे, छातीच्या खालच्या एक तृतीयांशावर नेम धर. हृदय आणि फुप्फुसं तिथे आहेत, आठ-दहा इंचांचा गोल. पाठमोरं असेल तर पलीकडच्या पुढच्या पायाकडे गोळी जाईल असा नेम धर. तोंड तुझ्याकडे असेल, पळत असेल, झुडपाआड असेल, तर थांब. डोक्यावर कधीच नको. तिथे चूक झाली तर जबडा फुटलेलं हरीण उपाशी मरतं.

गोळी सुटली की नवखा उठून धावतो. सगळ्यात जास्त हरणं हातची जातात ती इथे. तू उठू नकोस. दुसरं काडतूस चढव, सेफ्टी लाव, हरीण उभं होतं ते झाड आणि ते शेवटचं दिसलं ती जागा मनात पक्की कर, आणि घड्याळ बघ. अर्धा तास. फुप्फुसात गोळी बसली असेल तर ते शंभर-दीडशे यार्डांत पडलेलं असतं, तुझ्या घाईने काही वाढत नाही. पण पोटात बसली असेल तर ते जवळच कुठेतरी बसतं, आणि तू मागे लागलास तर उठून मैलभर जातं.

मग गोळी लागली त्या जागी जाऊन रक्त वाच. गुलाबीसर, फेसाळ बुडबुड्यांचं म्हणजे फुप्फुस. गर्द तांबडं, काळपट म्हणजे यकृत, तीन-चार तास थांब. हिरवट, घाण वास येणारं म्हणजे पोट किंवा आतडी, आठ ते बारा तास थांब. लालभडक पण बुडबुडे नसलेलं बऱ्याचदा नुसत्या स्नायूचं असतं. मागाच्या बाजूने चाल, मागावरून नको, आणि प्रत्येक थेंबाजवळ टॉयलेट पेपरचा तुकडा ठेव. रक्त हरवलं की मागे वळून ती पांढरी रांग बघ, हरणाची दिशा कळते. पडलेल्या हरणाकडे पाठीकडून जा, लांब काठीने डोळ्याला स्पर्श कर. डोळा मिटला तर ते जिवंत आहे, लगेच दुसरी गोळी.

जागेवरून हलवायच्या आधी परवान्याबरोबर मिळालेला टॅग भरून हरणाच्या कानाला बांध, आणि दहा दिवसांच्या आत राज्याला कळव.

पोट उघडताना तीन-चार इंचांची सुरी पुरे. पातं वरच्या बाजूला, दोन बोटांच्या बेचक्यात धरून कातडी वर उचलत काप, म्हणजे कोथळ्याला टोक लागत नाही. मूत्राशय फुटू देऊ नकोस. बरगड्यांच्या आतला पडदा काप, वर हात घालून श्वासनलिका तोड, आणि सगळं एकत्र बाहेर ओढ. मग मांस लवकर ४ अंश सेल्सियसच्या खाली न्यायचं. नोव्हेंबरची हवा उबदार असेल तर पोटात बर्फाच्या पिशव्या भर. गोळीच्या वाटेभोवतीचं रक्ताळलेलं मांस सढळ हाताने काढून टाक, शिशाच्या गोळीचे बारीक कण दूरवर पसरतात. तांब्याची गोळी वापरलीस तर ही काळजी जवळजवळ उरत नाही.

पेनसिल्व्हेनियात २०१२ पासून हरणांचा क्रॉनिक वेस्टिंग, म्हणजे मेंदूला होऊन हरीण झिजवत मारणारा रोग आहे. माणसाला तो झाल्याची नोंद नाही, तरी बाधित भागातलं हरीण तपासून आल्याशिवाय खाऊ नये. तिथे डोकी टाकायला पेट्या ठेवलेल्या असतात, आणि डोकं, पाठीचा कणा त्या भागाबाहेर नेता येत नाही. मेंदू आणि कण्याजवळ सुरी चालवूच नकोस.

स्वयंपाकाचं सांगतो. हरणाची चरबी मेणासारखी टाळूला चिकटते, ती आणि चंदेरी पडदा पूर्ण सोलून टाक. मांडीचं मांस आलं-लसूण आणि दह्यात रात्रभर ठेवून मंद आचेवर रस्सा कर. चरबी नसल्याने बोकडाच्या मटणापेक्षा थोडं तेल जास्त लागेल. पाठीच्या कण्यालगतची लांब पट्टी मात्र रश्श्यात घालवू नकोस. तव्यावर दोन्ही बाजूंनी परतून बाजूला काढ आणि पाच मिनिटं विसावू दे.

कळावे.