नटाच्या आठवणी कितपत खऱ्या मानाव्यात?

प्रश्न : ‘द प्रिन्सेस ब्राइड’ (१९८७) या चित्रपटाच्या निर्मितीवर त्याचे नायक कॅरी एल्वेस यांनी लिहिलेले ‘ॲज यू विश’ हे पुस्तक मुलीने मला वाढदिवसाला दिले. त्यातली प्रसिद्ध तलवारबाजी आपण आणि मँडी पटिन्किन यांनी जवळजवळ पूर्णपणे स्वतःच केली, असे ते लिहितात. इतक्या वर्षांनी सांगितलेल्या या गोष्टींवर कितपत विश्वास ठेवावा?
– एक वाचक, प्रतापनगर, नागपूर

उत्तर : आपली शंका रास्त आहे. नटांच्या आठवणी दर सांगण्यागणिक रंगत जातात, हे नाटकवेड्या नागपूरकरांना मी काय सांगावे! या पुस्तकात मात्र पडताळ्याची थोडी सोय आहे. चित्रपटानंतर २७ वर्षांनी, २०१४ साली, जो लेडन यांच्या साहाय्याने ते लिहिताना एल्वेस यांनी दिग्दर्शक रॉब रायनर, पटिन्किन आणि इतर सहकाऱ्यांच्या आठवणीही जागोजागी चौकटींत दिल्या आहेत. त्यामुळे एकाने फार ताणले, तर शेजारीच दुसरा साक्षीदार उभा असतो.

तलवारबाजीचा दावा मला पटतो. पीटर डायमंड आणि १९५२ च्या ऑलिंपिकमध्ये ब्रिटनकडून उतरलेले बॉब अँडरसन यांनी दोघांना उजव्या आणि डाव्या अशा दोन्ही हातांनी शिकवले, कारण प्रसंगाची गंमतच ऐन लढतीत हात बदलण्यात आहे. चित्रीकरणाच्या अधल्यामधल्या वेळातही तालीम चाले. एवढे करून रायनर यांना ती दाखवली, तर लढत फार लवकर संपते असे त्यांना वाटले आणि नवे पवित्रे बसवावे लागले. कोलांट्यांपुरते तेवढे डुप्लिकेट आले.

याहून भक्कम पुरावा पडद्यावर आहे. सहकलाकार आंद्रे द जायंट यांची चारचाकी मोटारसायकल चालवताना एल्वेस यांच्या पायाचा अंगठा मोडला होता आणि दिग्दर्शकापासून ते लपवण्याची त्यांची धडपड पुस्तकात मजेने आली आहे. टेकडीवर नायिकेजवळ बसताना ते एक पाय लांब पसरून, जपून टेकतात. मी तो प्रसंग तीनदा मागे नेऊन पाहिला. घरच्यांना टीव्ही बिघडला असे वाटले. पुढे ख्रिस्तोफर गेस्ट डोक्यावर तलवारीची मूठ मारतात, तो मारही खराच बसला. एल्वेस शुद्ध हरपून पडले आणि तोच टेक चित्रपटात राहिला.

सावध राहायचे ते लेखकाच्या गोडव्यापासून. एल्वेस प्रत्येकाबद्दल चांगलेच बोलतात, त्यामुळे सेटवर कोणाचे कोणाशी खटकले असेल, तर ते या पुस्तकातून कळणार नाही. हा नरमाईचा सूर समजण्याजोगा आहे, कारण परीकथा, विनोद आणि साहस यांचे हे मिश्रण कोणाला कसे विकावे हेच स्टुडिओला उमगले नव्हते, चित्रगृहांतले यश बेताचेच होते आणि लोकांचे खरे प्रेम पुढे व्हिडिओ कॅसेटमुळे मिळाले. अशा उशिरा वर आलेल्या कामाबद्दल माणूस हळवा होतोच. तेव्हा अंगमेहनतीच्या, दुखापतींच्या हकिकती निःशंक वाचा. माणसांबद्दलची मते वाचताना मात्र चौकटींतला मजकूर आधी पाहा.