झाड तोडलं तरी बुंध्याला फुटवे येतात, मग कोकणात डोंगरउतारावर तोड झाल्याने नुकसान काय?

नुकसान होतंच, कारण फुटवे आले म्हणजे झाड वाचलं एवढंच. जंगल परत आलेलं नसतं. ऐन, किंजळ, साग यांचे बुंधे मुळांत साठवलेल्या अन्नावर फुटतात. आठ-दहा वर्षांत पुन्हा कुऱ्हाड पडली की तो साठा भरून निघत नाही. दरवेळी फुटवे बारीक येतात, कापलेल्या भागातून पाणी आणि बुरशी आत शिरते, बुंधा पोखरला जातो आणि शेवटी मरतो. म्हातारी झाडं तर बरेचदा फुटतच नाहीत. उतारावर खरा धोका उशिरा दिसतो. मेलेल्या झाडाची मुळं लगेच कुजत नाहीत, त्यामुळे पहिले दोन-तीन पावसाळे माती जागेवर राहते आणि लोकांना वाटतं, काही बिघडलं नाही. मुळं कुजली की तीच माती जोराच्या पावसात खाली येते. पाचोळ्याचा थर आधीच वाहून गेलेला असतो, मग पाणी मुरत नाही आणि खालचे झरे लवकर आटतात. धनेश पक्ष्याला घरट्यासाठी जुन्या, मोठ्या झाडातली ढोली लागते. फुटव्यांच्या रानात ती मिळत नाही.

वनखात्याने झाडं तोडून फुटव्यांपासूनच जंगल पुन्हा वाढवण्याची पद्धत चालवली, हे खरं आहे. पण त्यात दोन तोडींमध्ये साधारण ३०-४० वर्षं ठेवत, काही मोठी झाडं राखत. सपाट जमिनीवर, गुरं आणि वणवा दूर ठेवता येत असेल, तर तसं जमू शकतं. तीव्र उतारावर मात्र तोड करू नका.