वरची न्हाणी, खालचं छत

प्रश्न : आम्ही राजारामपुरीत दुसऱ्या मजल्यावर राहतो. खालच्या काकी म्हणतात, तुमच्या बाथरूममुळं आमचं छत ओलं झालंय. आमच्याकडं तर काहीच दिसत नाही. काय करावं? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : आधी खाली जाऊन ओल बघून या. वर फरशी कोरडी दिसली तरी सांध्यांतून उतरलेलं पाणी खालच्या भरावात साठतं आणि स्लॅबमधून झिरपतं. काकींना विचारा, थेंब कधी पडतो? दिवसरात्र पडत असेल तर संशय पाण्याच्या लाइनवर. आंघोळीनंतर वाढत असेल तर फरशी किंवा न्हाणी ट्रॅप, म्हणजे फरशीतलं पाणी जायचं तोंड. फक्त पावसाळ्यात असेल तर बाहेरची भिंत.

मग खात्री करा. ओलीभोवती पेन्सिलीनं रेघ मारून तारीख घाला. दोन दिवस बाथरूम वापरू नका, पण पाण्याच्या लाइनचा व्हॉल्व्ह चालू ठेवा. तरी थेंब तसाच पडला तर लाइन गळतेय. थांबला, तर ट्रॅपचं तोंड प्लगनं घट्ट बंद करून फरशीवर दोन सेंटिमीटर पाणी २४ तास ठेवा. खाली ओल वाढली तर दोष फरशीचा. नाही वाढली, तर प्लग काढून पाणी एकदम सोडा. आता थेंब आला की ट्रॅपचा सांधा. ट्रॅपच्या गुळगुळीत पीव्हीसीला सिमेंट नीट धरत नाही, कडेनं फट पडते.

व्हाइट सिमेंट लिंपून वेळ मारून नेऊ नका, ते पुन्हा तडकतं. फरशीचे सांधे खराब असतील तर त्यांतला जुना माल ३-४ मिलिमीटर खरवडून इपॉक्सी ग्राउट (फटी भरायचा पाणी न शोषणारा माल) भरा. ट्रॅप असेल तर भोवतीची फूटभर फरशी काढून तो नव्यानं बसवा, वॉटरप्रूफिंगचे दोन हात द्या आणि फरशी लावण्याआधी पुन्हा २४ तास पाणी भरून बघा. घाईत हीच पायरी गाळली जाते. इथं मात्र अडून बसा.

फोडाफोडीच्या आदल्या दिवशी काकींना सांगा, कारण खालचं प्लास्टर सुटू शकतं. त्यांच्या छताला रंग तुम्हीच लावून द्या, पण स्लॅब पूर्ण वाळल्यावर. आपल्याकडच्या पावसात त्याला आठवडे लागतात, आणि ओलीवर दिलेला रंग फुगतो.

प्रश्न : अशा गळतीचा खर्च कोणाचा?

उत्तर : गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार पावसाच्या पाण्याची आणि बाहेरच्या सामाईक पाइपांची गळती संस्थेकडं, घराच्या आतली सदस्याकडं. इमारतीची नोंद १९७० च्या अपार्टमेंट कायद्याखाली असेल, तर खर्चाबद्दल काय ठरलंय ते बघायला इमारतीचं घोषणापत्र (त्या नोंदणीचा दस्त) काढून वाचा.