बसणाऱ्याला वायरचा, फिरणाऱ्याला कॉर्डलेस

नवी मुंबईत महापेला १८ जणांचं ऑफिस, मागे गोडाऊन, जुना ईपीएबीएक्स (ऑफिसातलं टेलिफोन एक्स्चेंज) बंद पडलाय. आता आयपीवर, म्हणजे कॉम्प्युटरच्या नेटवर्कवरून चालणाऱ्या फोनवर, जाताना सगळ्यांना कॉर्डलेस फोनच घ्यावेत का, असं तुम्ही विचारलंय. नको. जो खुर्चीत बसतो त्याला वायरचाच द्या.

डेस्क फोन आणि नेटवर्क स्विच दोन्ही पीओईवाले (पॉवर ओव्हर इथरनेट) घेतलेत की लॅनच्या एकाच केबलमधून वीजही मिळते, अडॅप्टरची कटकट नाही. स्विच, राउटर आणि फायबरची डबी तिन्ही यूपीएसवर टाका, म्हणजे लाइट गेली तरी फोन चालू. एक गोष्ट मात्र बघून घ्या: कॉम्प्युटरची केबल फोनमधूनच पुढे नेणार असाल, तर फोनचे दोन्ही पोर्ट गिगाबिट (१००० एमबीपीएस) हवेत. स्वस्तातल्यांत १०० एमबीपीएसचे असतात. मग सर्व्हरवरून मोठी फाइल उचलायला वेळ लागतो आणि शिव्या नेटवर्कवाल्याला.

कॉर्डलेस फक्त गोडाऊन, डिस्पॅच आणि गेटला. वायफाय फोनपेक्षा डेक्ट (कॉर्डलेस फोनचं वेगळं रेडिओ तंत्र) बरा, त्याचा बँड वेगळा असल्यामुळे वायफायच्या गर्दीत अडकत नाही. रेंज उघड्यावर ३०० मीटर लिहिलेली असते, आत ५० धरा, आणि लोखंडी रॅक असले तर तेवढीही धरू नका. रबाळ्याला आम्ही रिकाम्या गोडाऊनमध्ये टेस्ट घेतली, आवाज खणखणीत. पंधरा दिवसांनी माल भरला आणि तिसऱ्या रॅकमागे गेलं की 'हॅलो, हॅलो'. शेवटी बेस (हँडसेटला सिग्नल देणारा डबा) टेबलावरून काढून खांबावर उंच लावला, तेव्हा कुठे जमलं. तेव्हा एक बेस, एक हँडसेट आणा, माल भरलेला असताना बोलत बोलत फिरा, मगच ऑर्डर द्या.

दोन बेस लागले तर मल्टिसेलचेच, म्हणजे एकमेकांना जोडून चालणारे, घ्या. सुटे दोन लावलेत तर चालता चालता कॉल एकावरून दुसऱ्यावर जात नाही, तुटतो. बेसला किती हँडसेट जोडता येतात आणि एका वेळी किती जण बोलू शकतात, हे आकडे वेगळे असतात, दुसरा विचारा.

नेटच्या स्पीडची काळजी सोडा, एका कॉलला जेमतेम १०० केबीपीएस लागतात. राउटरवर आवाजाला प्राधान्य लावून घ्या, झालं.

आणि हो, हँडसेटवर मोठ्या अक्षरांत 'गेट' लिहा. आमच्या वॉचमनने एकदा खिशात घालून थेट दिवा गावापर्यंत नेला होता.

गोडाऊनची लांबी आणि रॅकची उंची कळवा, बेस एक पुरेल की दोन ते सांगतो.