डीएम पाण्याचा पीएच: सुरुवातीला एवढं सांभाळा

लोटे औद्योगिक वसाहतीतल्या प्लांटवर नवे आहात, तर पहिली गोष्ट: डीएम (क्षार काढून टाकलेल्या) पाण्याचा पीएच बीकरमध्ये मोजू नका. उघड्यावर हे पाणी हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषतं आणि आकडा ५.६ च्या दिशेने घसरत राहतो. मीटर ठीक असतो, नमुनाच बदललेला असतो. सॅम्पल लाइनवर स्टेनलेस स्टीलचा बंद फ्लो सेल (मीटरचा इलेक्ट्रोड ज्यात बसतो आणि पाणी ज्यातून वाहतं ते छोटं भांडं) बसवा, त्याला अर्थिंग द्या आणि प्रवाह मिनिटाला साधारण १०० मिली, स्थिर ठेवा. इतक्या कमी वाहकतेच्या पाण्यात प्रवाह बदलला की आकडाही हलतो.

इलेक्ट्रोड जेलचा नको. पोटॅशियम क्लोराइडचं द्रावण भरता येणारा, ते सतत किंचित झिरपू देणारा घ्या. इथे पैसे वाचवू नका.

नेहमीच्या चुका:

- कॅलिब्रेशननंतर घाई. ७ आणि ४ पीएचच्या बफरचा (ठरावीक पीएचच्या द्रावणाचा) उरलेला थेंबही आकडा बिघडवतो. भरपूर धुवा, मग आकडा स्थिरावेपर्यंत सेलमधून पाणी वाहू द्या. अर्धा तास लागला तरी चालेल.
- इलेक्ट्रोड डीएम पाण्यात बुडवून ठेवणं. ३ मोलर पोटॅशियम क्लोराइडमध्येच ठेवा.
- दमट कनेक्टर. आपल्याकडच्या पावसाळ्यात आणि खाऱ्या हवेत हे हमखास होतं. बफर बदलूनही आकडा ७ जवळच अडकला, तर आधी कनेक्टर उघडून कोरडा करा.

प्रत्येक आकड्याशेजारी तापमान लिहाच: शुद्ध पाण्याचा उदासीन पीएच २५ अंशांना ७.०० असतो, ३५ ला ६.८४. तापमान भरपाईची पुढची गणितं हात बसल्यावर बघू.